पुस्तकात पाय म्हणजे २२/७, मग २२/७ परिमेय कशी?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका पालकांनी विचारले आहे ते थोडक्यात असे. त्यांची मुलगी मराठी माध्यमात नववीत शिकते. वास्तव संख्यांचे प्रकरण शिकवून झाल्यावर शाळेने घरी सोडवण्यासाठी एक कार्यपत्रिका दिली. तीत सहा संख्या होत्या आणि प्रत्येकीपुढे तिचा प्रकार लिहायचा होता. मुलीने ० पुढे पूर्ण संख्या, −८/२ पुढे पूर्णांक, √४९ पुढे अपरिमेय, २२/७ पुढे अपरिमेय, १/१७ पुढे अपरिमेय आणि ०.१०१००१०००१… पुढे परिमेय असे लिहिले. सहापैकी एकच उत्तर, शून्याचे, बरोबर धरले गेले. वडील वाणिज्य शाखेचे आहेत. पाय म्हणजे २२/७ हे पुस्तकात छापलेले आहे आणि पाय अपरिमेय आहे हेही पुस्तकातच छापलेले आहे, तर मुलीचे चुकले कुठे, आणि एकच संख्या इतक्या प्रकारांत बसते कशी, असा त्यांचा प्रश्न आहे.

पुण्यात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवण्यात माझी तीस वर्षांहून अधिक गेली आहेत आणि अशी उत्तरपत्रिका मला नवी नाही. हिच्यातल्या चुका निष्काळजीपणाच्या नव्हेत. प्रत्येक उत्तरामागे मुलीने काहीतरी विचार केलेला आहे, मात्र तो विचार बहुतेक ठिकाणी संख्येच्या लेखनापाशी अडला आहे. करणीचे चिन्ह दिसले म्हणून अपरिमेय, गणकयंत्राच्या पडद्यावर अंक पुन्हा येताना दिसले नाहीत म्हणून अपरिमेय, अंकांत काही नियम दिसला म्हणून परिमेय, असे तिने ठरवलेले दिसते. संख्येचा प्रकार तिच्या दिसण्यावरून ठरत नाही, ती कोणत्या रूपात लिहिता येते यावरून ठरतो. ज्या संख्येला पूर्णांक अंश आणि शून्येतर पूर्णांक छेद अशा रूपात लिहिता येते ती परिमेय (संख्यारेषेवरची जी तशी लिहिता येत नाही ती अपरिमेय), या व्याख्येतले 'लिहिता येते' हे दोन शब्द फळ्यावर लिहून त्यांच्याखाली रेघ ओढावी, असे माझे मत आहे. 'लिहिलेली आहे' असे व्याख्या म्हणत नाही.

आधी कार्यपत्रिकेविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. 'संख्येचा प्रकार लिहा' हा प्रश्नच नीट घातलेला नाही. नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाला कुठे राहता म्हणून विचारले, तर नारायण पेठ, पुणे शहर, पुणे जिल्हा आणि महाराष्ट्र ही चारही उत्तरे खरी आहेत; विचारणाऱ्याने किती बारकाईने विचारले आहे त्यावर कोणते द्यायचे ते अवलंबून असते. संख्यांचे गट असेच एकाच्या पोटात एक आहेत. १, २, ३ अशा मोजण्याच्या संख्या नैसर्गिक. त्यांच्यात शून्य मिळवले की पूर्ण संख्या. त्यांच्यात −१, −२, −३ अशा ऋण संख्या मिळवल्या की पूर्णांक. आणि पूर्णांकांच्या भागाकारातून जे जे मिळते ते सर्व घेतले, अर्थात शून्याने भागणे वर्ज्य करून, की परिमेय संख्या. ५ ही संख्या या चारही गटांत आहे, कारण ती ५/१ अशी लिहिता येते. −८/२ म्हणजे −४, तो पूर्णांक आहे आणि परिमेयही आहे. उत्तरसूचीत 'परिमेय' असे छापले होते एवढ्यावरून 'पूर्णांक' हे उत्तर चूक ठरवणे योग्य नाही. उलट मुलीने भागाकार करून अधिक नेमके उत्तर दिले आहे. 'संख्या ज्या सर्वांत लहान गटात बसते तो गट लिहा' असे विचारले असते, तर सूचीतलेच उत्तर चुकले असते.

इथे आपली मराठी नावेही थोडी आड येतात. पूर्ण संख्या आणि पूर्णांक या शब्दांत कानाला फारसा फरक लागत नाही, पण पहिल्यात ऋण संख्या नाहीत आणि दुसऱ्यात आहेत. मॉलच्या लिफ्टमध्ये तळघरातल्या वाहनतळासाठी −१, −२ अशी बटणे असतात. ती दाबून खाली जाणारा माणूस पूर्णांक वापरत असतो, पूर्ण संख्या त्याला पुरत नाहीत. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले, तेव्हा धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे देणे हा व्यवहारातला अर्थ त्या शब्दांत जिवंत होता, आणि उधारीच्या वहीत तो आजही आहे. शून्य नैसर्गिक आहे की नाही यावर मुलांचा वाद होतो. बालभारतीच्या पुस्तकांत नैसर्गिक संख्या १ पासून सुरू होतात, काही विद्यापीठीय ग्रंथ त्या ० पासून सुरू करतात. हा निव्वळ संकेताचा भाग आहे आणि शालेय परीक्षेत १ पासूनचाच संकेत पाळावा.

'अपूर्णांक' हा शब्द याहून अधिक घोटाळा करतो. अपूर्णांक हे लेखनाचे रूप आहे, संख्येचा प्रकार नव्हे. ६/३ हे अपूर्णांकासारखे दिसते, पण ती संख्या २ आहे. √३/२ यातही वर अंश आणि खाली छेद आहे, पण √३ अपरिमेय असल्यामुळे ती पूर्णांक अंश-छेदाच्या रूपात लिहिताच येत नाही, म्हणून ती परिमेय ठरत नाही. वर-खाली संख्या आणि मध्ये रेघ म्हणजे परिमेय, असे ज्या मुलांनी सहावी-सातवीत मनाशी धरलेले असते, त्यांना नववीत हे प्रकरण जड जाते. √४९ चे उत्तर याच कारणाने, फक्त उलट्या बाजूने, चुकले आहे. करणीचे चिन्ह हा एक आदेश आहे, 'वर्गमूळ काढा' असा. तो पाळला की ७ मिळतात, आणि ७ नैसर्गिक आहे. नैसर्गिक संख्येच्या वर्गमूळाबाबत एक सोयीची गोष्ट अशी की ते एकतर नैसर्गिक संख्या असते नाहीतर अपरिमेय. मधला मार्ग नसतो. म्हणून √५० साठी 'सात पूर्णांक काहीतरी' असा नेमका अपूर्णांक शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता २२/७ कडे येतो. मुलीला कागद-पेन्सिल घेऊन हा भागाकार एकदा पूर्ण करायला सांगावे, आणि भागाकाराकडे न पाहता बाकीकडे पाहायला सांगावे. २२ ला ७ ने भागले की ३ चा भाग जातो आणि बाकी १ उरते. दशांश चिन्ह देऊन पुढे गेले की १० त ७ एकदा, बाकी ३. ३० त चार वेळा, बाकी २. २० त दोनदा, बाकी ६. ६० त आठ वेळा, बाकी ४. ४० त पाच वेळा, बाकी ५. ५० त सात वेळा, बाकी १. ही १ बाकी आपण आरंभी पाहिलेलीच आहे. बाकी तीच, भाजक तोच, म्हणून यापुढचे सगळे अंक त्याच क्रमाने येण्यावाचून गत्यंतर नाही: ३.१४२८५७१४२८५७… अशी ती संख्या अखंड आवर्ती आहे. ७ ने भागताना बाकी ० ते ६ यांपैकीच काहीतरी असणार; ० आली तर भागाकार संपतो, आणि नाही आली तर सहा पावलांच्या आत एखादी बाकी पुन्हा येतेच. छेद कोणताही असो, युक्तिवाद हाच राहतो. त्यामुळे प्रत्येक परिमेय संख्येचे दशांश रूप खंडित, म्हणजे कुठेतरी संपणारे, असते किंवा अखंड आवर्ती असते, तिसरे काही असू शकत नाही. खंडित कधी, तर संख्येला अतिसंक्षिप्त रूप (अंश आणि छेद यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही असे) दिल्यावर छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तेव्हा. संक्षिप्त रूप आधी द्यावे लागते, नाहीतर ७/३५ पाहून मुले आवर्ती असे लिहितात, आणि ती संख्या तर ०.२ आहे.

१/१७ चे उत्तर गणकयंत्रामुळे चुकले. फोनच्या पडद्यावर ०.०५८८२३५२९४… असे काही अंक दिसतात आणि त्यांत पुनरावृत्ती दिसत नाही. दिसणार तरी कशी? १/१७ चा आवर्ती गट १६ अंकांचा आहे, ०५८८२३५२९४११७६४७, आणि तो संपून पुन्हा सुरू होण्याआधीच पडदा संपतो. गणकयंत्र संख्येची ठरावीक स्थळेच दाखवू शकते. परिमेय की अपरिमेय हा निवाडा त्याच्या पडद्यावरून कधीही करता येत नाही. १/१७ बाबत तर भागाकाराचीही गरज नव्हती, कारण अंश १ आणि छेद १७ हे दोन पूर्णांक समोर लिहिलेलेच आहेत.

शेवटची संख्या मला सर्वांत आवडली, कारण तिथे मुलीने खरोखर निरीक्षण केले आहे. ०.१०१००१०००१… यात नियम आहे, आणि पुढचा अंक कोणता हे कोणीही सांगू शकेल: दर वेळी एकाच्या आधी एक शून्य वाढते. परंतु नियम असणे वेगळे आणि आवर्तन असणे वेगळे. आवर्तन म्हणजे ठरावीक अंकांचा एकच गट न बदलता पुन्हा पुन्हा येणे. समजा इथे असा वीस अंकांचा गट आहे. तो केवळ शून्यांचा असू शकत नाही, कारण एक हा अंक पुढे येतच राहतो; म्हणजे गटात एखादा १ असणार, आणि मग सलग वीस शून्ये कुठेच येऊ शकणार नाहीत. पण या संख्येत सलग वीसच काय, दोन हजार शून्येही पुढे कधीतरी येतात. म्हणून तो गट वीस अंकांचा नाही, आणि याच कारणाने कितीही अंकांचा नाही. अखंड अनावर्ती, म्हणून अपरिमेय. जिथे आवर्तन खरोखर असते तिथून अपूर्णांकाकडे परत येणे सोपे असते. ०.२३२३२३… हिची १०० पट २३.२३२३२३…, त्यातून मूळ संख्या वजा केली की ९९ पट बरोबर २३, म्हणून ती २३/९९. हीच कृती ०.९९९… वर केली तर ९ पट बरोबर ९, म्हणजे संख्या १. वर्गात यावर दर वर्षी अविश्वासाची कुजबुज होते, पण ०.९९९… आणि १ ही एकाच संख्येची दोन रूपे आहेत.

मग पाय आणि २२/७ यांचे काय? परीघ भागिले व्यास या गुणोत्तराला आपण पाय म्हणतो आणि त्याचे दशांश रूप ३.१४१५९२६५… असे चालते. २२/७ त्याच्यापासून दशांश चिन्हानंतर तिसऱ्याच स्थळी फुटते. एक मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ २२/७ ने काढला, तर खऱ्या परिघाहून साधारण सव्वा मिलिमीटर जास्त येतो. सुताराला, लोहाराला किंवा दहावीच्या घनफळाच्या उदाहरणाला एवढ्याने काही बिघडत नाही. पुस्तकात 'पायची किंमत २२/७ घ्या' असे असते, 'पाय बरोबर २२/७' असे नसते, आणि 'घ्या' या शब्दाकडे आपण शिक्षकच पुरेसे लक्ष वेधत नाही, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या गणितज्ञांनी याबाबत जास्त काळजी घेतली होती. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला आणि त्याला 'आसन्न', म्हणजे जवळचा, असे म्हटले. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत दोन किमती दिल्या, ३९२७/१२५० ही सूक्ष्म, आणि २२/७ ही स्थूल पण व्यवहारास योग्य. (६२,८३२ आणि २०,००० यांना १६ ने भागले की ३९२७ आणि १२५० मिळतात, तो अपूर्णांक आर्यभटाचाच आहे.) पाय पूर्णांक अंश-छेदाच्या कोणत्याही अपूर्णांकाइतका असूच शकत नाही, याची सिद्धता १७६१ मध्ये गणितज्ञ लँबर्टने दिली. ती नववीच्या आवाक्यातली नाही. मुलांनी ती गोष्ट तूर्त विश्वासावर घ्यावी लागते.

√२ बाबत मात्र विश्वासावर काही घ्यावे लागत नाही, आणि ते घरी हाताने पाहता येते. ए-फोर आकाराचा कागद घ्यावा, २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब. त्याची आखूड कड दुमडून लांब कडेवर आणावी. जी तिरपी घडी पडते ती २१ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण असते. आता दुसऱ्या ए-फोर कागदाची लांब कड या घडीवर ठेवावी. डोळ्याला ती तंतोतंत बसते. हा योगायोग नाही. कागद मध्यावर कापला तरी त्याचा आकार त्याच प्रमाणात राहावा, म्हणून लांबी-रुंदीचे गुणोत्तर √२ ठेवलेले आहे. झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्रीचे पान ए-फोरवर उतरवताना सुमारे ७१ टक्के असा आकडा लावतात, तो १ भागिले √२ आहे.

आता खरी गंमत येते. २९७/२१० ला संक्षिप्त रूप दिले की ९९/७० मिळते. ही संख्या परिमेय आहे, कारण कागद कापणारे यंत्र शेवटी मिलिमीटरच मोजते. ती √२ असेल तर ९९ चा वर्ग ७० च्या वर्गाच्या दुप्पट यायला हवा. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. नेम एकाने चुकला. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांच्या प्राचीन ग्रंथात, चौरसाच्या कर्णासाठी बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा, त्याचा चौथा हिस्सा मिळवा आणि या चौथ्याचा चौतिसावा वजा करा असे सांगितले आहे. हिशेब केला की ५७७/४०८ येते. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९, आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. पुन्हा एकानेच चुकला. अंश-छेद कितीही मोठे घेतले तरी ही चूक शून्य होत नाही, आणि का होत नाही ते चार ओळींत सांगता येते. समजा √२ एखाद्या अतिसंक्षिप्त अपूर्णांकाइतका आहे. मग अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून सम. विषम संख्येचा वर्ग विषम असतो, म्हणून अंश सम. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भाग जातो, म्हणून छेदाच्या वर्गाला निदान २ ने भाग जातो, म्हणून छेदही सम. अंश आणि छेद दोन्ही सम असतील, तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त नव्हता. तेव्हा असा अपूर्णांक नाहीच.

अपरिमेय या शब्दाचा घरगुती अर्थ 'मोजता न येणारे, अपार' असा आहे, आणि तो इथे लावला तर मुलांना वाटते की √२ ही काहीतरी अनिश्चित, धूसर संख्या असावी. दुमडलेल्या कागदावरची घडी काही अनिश्चित नाही. तिला दोन टोके आहेत आणि संख्यारेषेवर कंपासने तिची जागा नेमकी दाखवता येते. चौरसाची बाजू आणि कर्ण या दोहोंना पूर्णपणे मोजून काढील असे एकच सामाईक माप नाही, एवढाच त्या शब्दाचा गणितातला अर्थ आहे. अशा सर्व अपरिमेय संख्या आणि सर्व परिमेय संख्या मिळून वास्तव संख्या होतात आणि संख्यारेषेवरचा प्रत्येक बिंदू भरून निघतो. ही भरण्याची कल्पना तर्काच्या पक्क्या पायावर जर्मन गणितज्ञ डेडेकिंडने १८७२ मध्ये मांडली.

मघाच्या पत्त्याच्या उदाहरणात सांगायचे, तर परिमेय संख्या म्हणजे पुणे जिल्हा, वास्तव संख्या म्हणजे महाराष्ट्र, आणि अपरिमेय म्हणजे पुणे जिल्हा वगळून उरलेला महाराष्ट्र. तो स्वतंत्र कारभार असलेला जिल्हा नाही, नुसते उरलेले क्षेत्र आहे, म्हणून त्याचे वागणेही तसेच आहे. दोन परिमेय संख्यांची बेरीज किंवा गुणाकार परिमेयच येतो. पण २ + √३ आणि २ − √३ या दोन्ही अपरिमेय असून त्यांची बेरीज ४ येते, आणि √२ गुणिले √८ हेही ४ च येतात. एक परिमेय आणि एक अपरिमेय मिळवली तर मात्र उत्तर नेहमी अपरिमेय येते. √−९ ही या महाराष्ट्राबाहेरची आहे, कारण कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. ती अपरिमेय असे लिहिणारी मुले मी दर वर्षी पाहतो.

गुणांबाबत विचाराल, तर −८/२ चा एक गुण शिक्षकांना भेटून जरूर मागावा. 'पूर्णांक' हे उत्तर बरोबर आहे. २२/७ चा मागू नये. तो प्रश्न पुढच्या चाचणीत वेगळ्या रूपात, बहुधा ३.१४ किंवा ३५५/११३ असा, पुन्हा येईल, आणि तेव्हा मुलीने परिमेय असेच लिहायचे आहे, जरी ३५५/११३ ही किंमत पायशी दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत जुळत असली तरी.